पाण्याची राखण पाण्याकडे

गहू ओंबीवर आलेला असतो, माघातली थंडी हाडात शिरत असते, विहिरीवरच्या मोटारीची लाइट येणार असते ती मध्यरात्रीनंतर, आणि अशा वेळी धानोऱ्याच्या शिवारात, किंवा नंदुरबार तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात म्हणा, कोणीतरी गडी कानाला मफलर गुंडाळून, हातात फावडं घेऊन दारं धरायला उभा असतो. एक वाफा भरला की मातीचा एक लगदा इकडे टाकायचा, एक तिकडून काढायचा, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, आणि पुन्हा बांधावर टेकून वाट बघत बसायचं. डोळा लागला की पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात जातं आणि सकाळी भांडण ठरलेलं. त्या बसलेल्या माणसाला रात्रीतून दहादा तरी वाटतं, की वाफा भरल्यावर हे पाणी आपलं आपणच थांबलं असतं तर काय बहार झाली असती! तर पोरांनो, आज मी तुम्हाला त्याचीच गोष्ट सांगतो, कारण पाणी खरोखरच आपलं आपण थांबतं, आपलं आपण दार उघडतं, आणि ही विद्या माणसाला फार जुन्या काळापासून अवगत आहे.

आधी घरातच बघा. आपल्या खानदेशात उन्हाळा म्हणजे घरोघरी कूलर. त्या कूलरच्या टाकीत एक प्लॅस्टिकचा पोकळ फुगा असतो, दांडीला अडकवलेला. पाणी खाली गेलं की फुगा खाली, दांडी खाली, तोटी उघडी. पाणी वर आलं की फुगा वर, तोटी बंद. त्याला वीज लागत नाही, राखणदार लागत नाही, आणि रात्री तीन वाजता सगळं घर घोरत असताना तो आपलं काम इमानानं करत असतो. मोठमोठ्या कालव्यांवरची निम्मी विद्या या फुग्यातच आहे, हे ध्यानात ठेवा. ही कल्पना जुनी किती? इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात टेसिबियस नावाचा एक माणूस होऊन गेला. न्हाव्याचा पोरगा, पण हात असे चालायचे की त्याने पाण्यावर चालणारं घड्याळ सुधारलं. त्या घड्याळात पाणी एकसारख्या धारेनं पडायला हवं. धार कमी-जास्त झाली की वेळ चुकली. धार एकसारखी ठेवायची तर वरच्या भांड्यातली पातळी एकसारखी हवी, आणि ती राखायला त्याने तरंगती झडप बसवली, असं जाणकार मानतात. सव्वादोन हजार वर्षं झाली की हो या गोष्टीला!

आता लांब कशाला जायचं, आपल्या शेजारच्या पांझरा नदीवर चला. धुळे जिल्ह्यात साक्री, नेर, कुसुंबा या पट्ट्यात, आणि तिकडे नाशिककडे मोसम नि आरम या नद्यांवर, फड नावाची एक रीत तीनशे-चारशे वर्षांपासून चालत आलेली आहे. नदीत आडवा दगडी बंधारा. त्याला दार नाही, झडप नाही, फिरवायला चाक नाही. बंधाऱ्यानं पाणी थोडं उचललं जातं आणि काठावरून निघालेल्या पाटात शिरतं, त्याला तिकडे काळवा म्हणतात. काळवा दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. त्यातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून शेतातले सारंग, आणि भिजणारी सगळी जमीन साधारण चार फडांत वाटलेली. फड कुठे दहा हेक्टरचा, कुठे दोनशेचा. एका फडात एकच पीक, यंदा या फडात ऊस तर त्या फडात दुसरं काही, पुढच्या वर्षी अदलाबदल; त्यामुळे जमीन दमत नाही आणि चिबडतही नाही.

पण मला त्यातलं सगळ्यात नवल वाटतं ते सांडमांचं. विचार करा, नदीला पावसाळ्यात पूर येतो, आणि बंधाऱ्याला दार नाही, म्हणजे पुराचं पाणी काळव्यात घुसून सगळी शेतं वाहून न्यायला पाहिजेत. तसं होत नाही, कारण बांधणाऱ्यानं काळव्याच्या नदीकडच्या काठाला जागोजागी ठरावीक उंचीच्या सांडी ठेवल्या, त्यांना सांडम म्हणतात. काळव्यात हवं तेवढं पाणी असेतोवर सांडम कोरडा. पातळी बोटभर जरी चढली, तरी जास्तीचं पाणी काठावरून ओघळून निमूटपणे परत नदीत. जितका पूर मोठा तितकी सांड मोठी, आणि काळव्यातलं पाणी मात्र होतं तेवढंच. रात्रीबेरात्री कोणी धावायचं नाही, कोणी चाक फिरवायचं नाही. अभ्यासकांनी या काळव्यांचा विसर्ग मोजला तेव्हा तो सेकंदाला सुमारे साडेचारशे लिटर, ठिकठिकाणी जवळपास सारखाच भरला. दगडमातीनं पाण्याला घालून दिलेली ही मर्यादा. यंत्र म्हणावं तर त्यात हलणारा एकही भाग नाही, आणि जे हलत नाही ते झिजत नाही.

उन्हाळ्यात नदी आटली की दगडाची अक्कल पुरत नाही, तिथे माणसं लागतात. म्हणून फडावर पाटकरी, जागल्या, हवालदार असे नेमलेले लोक असायचे. शेतकऱ्यानं आपल्या हातानं दार उघडायचंच नाही, पाणी पाटकऱ्यानं द्यायचं, वरपासून खालपर्यंत ओळीनं. पाणी कमी पडतंय असं दिसलं की गाव बसून ठरवणार, यंदा इतकेच फड भिजवायचे, बाकीचे पडीक. आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत असायची, त्यामुळे तोटा आला तर सगळ्यांच्याच वाट्याला. हे ज्यांनी बसवलं त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, पण मला विचाराल तर ती माणसं कुठल्याही इंजिनिअरच्या पंगतीला बसावीत अशी होती.

आपल्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे अलीराजपूरच्या डोंगरात भिताडा गाव आहे, तिथले आदिवासी भाऊ तर डोंगरउतारावरून पाट काढतात. नाल्यात दगड रचायचे, फटींत सागाची पानं नि चिखल ठासायचा, आणि पाट नाल्यापेक्षा थोड्या कमी उतारानं डोंगराच्या कडेकडेनं नेत राहायचा. नाला भराभर खाली जातो, पाट हळूहळू, आणि मैलभर गेल्यावर बघावं तर पाट नाल्याच्या कितीतरी वर चाललेला. नवखा माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं पाणी डोंगर चढतंय! पावसाळ्यात ते सगळं वाहून जातं आणि पावसाळा सरला की गाव पुन्हा बांधतं.

बरं, पांझरेकडे परत येऊ, कारण तिथे १८८४ साली एक पोरगेला इंजिनिअर आला. म्हैसूर संस्थानातला, पुण्याच्या कॉलेजातून नुकताच पास झालेला, पहिलीच नोकरी, मुक्काम धुळं. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांच्याकडे सुरुवातीलाच काम आलं ते पाटाचं पाणी पांझरेच्या पात्राखालून पलीकडे न्यायचं. साक्री तालुक्यात दातर्तीला हा सायफन आहे. नळ नदीच्या तळाखाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा वर येतो, आणि पाणी अलीकडच्या पातळीला गाठायला बघतं, म्हणून कोणी न ढकलता पलीकडे चढतं; फक्त नळातल्या घर्षणापुरती थोडी उंची हरवते, तेवढी आधीच सोडावी लागते. वरून नदी पुरात असो की कोरडी, खालून पाटाचं पाणी आपल्या वाटेनं जातं, दोघांची गाठ पडत नाही.

त्याच विश्वेश्वरय्यांनी पुढे पुण्याजवळ खडकवासल्याला जे केलं ते आक्रीतच होतं. खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं, त्याच्या तलावाला तेव्हा फाइफ साहेबाचं नाव होतं. दर पावसाळ्यात सांडव्यावरून मोप पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुणेकर नि शेतकरी पाण्यासाठी तोंड बघायचे. मग सांडव्याची भिंत उंच करावी, तर पूर आला की पाण्याला जायला वाट नाही आणि धरणच धोक्यात. सांडव्यावर दारं बसवावीत, तर ती उघडणारा माणूस पाहिजे. आणि पूर येतो तो नेमका काळोख्या रात्री, धो-धो पावसात, वाटेतले ओढे भरलेले असताना. माणूस पोचेपर्यंत घात होऊन बसायचा. तेव्हा १९०३ च्या सुमारास त्यांनी सांडव्यावर अशी दारं बसवली की ती पुरानंच उघडावीत.

युक्ती ढोबळमानानं सांगतो, नीट ऐका. दाराला साखळी, साखळी कप्पीवरून पलीकडे, आणि पलीकडच्या टोकाला जड वजन, एका हौदात सोडलेलं. हौद कोरडा असतो तेव्हा वजनाचा भार पुरता असतो आणि दार बंद राहतं. तलाव ठरलेल्या रेषेपर्यंत भरला की एका नळातून पाणी हौदात यायला लागतं. आता पाण्यात बुडलेली वस्तू हलकी होते, हे विहिरीतून घागर ओढणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे; घागर पाण्यात असेतोवर हात दुखत नाही, पाण्याबाहेर आली की दोर काचतो. हौद भरत जातो तसतसं ते वजन हलकं होत जातं, तोल बिघडतो, आणि दार उघडतं. पूर ओसरला की नळातून येणारं पाणी थांबतं, हौद आपोआप रिकामा होतो, वजन पुन्हा जड, दार पुन्हा बंद. म्हणजे दरवाजाची किल्ली पुराच्याच हातात दिली, पण अशी की त्याला गरजेपेक्षा जास्त उघडता येऊ नये! या दारांमुळे तलावाची पातळी सुमारे आठ फूट चढली, आणि मूळ भिंतीला हातही लावावा लागला नाही. पुढे ग्वाल्हेरकडे तिग्र्याला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरालाही असली दारं बसली. त्यांनी या युक्तीचं पेटंट घेतलं, पण सरकारी कामात असताना सुचलेली म्हणून तिचे पैसे घेतले नाहीत.

इथवर सगळं सोपं. एक तलाव, एक दार, पाणी आणि दार अगदी शेजारी. खरी फजिती सुरू होते ती लांब कालव्यावर, कारण तिथे पाण्याचा निरोप पोचायला वेळ लागतो. कालव्याच्या पुलावर उभं राहून एक पान टाका. पाणी ताशी अडीच किलोमीटरनं चाललं असेल तर ते पान छत्तीस किलोमीटरवरच्या शेवटच्या दारापर्यंत जायला चौदा तासांच्या वर घेईल. पण वरचं गेट उघडल्यावर पातळी चढल्याची जी लाट जाते, ती पानापेक्षा किती तरी लवकर पळते. दोन मीटर खोल पाण्यात ताशी अठरा किलोमीटरच्या घरात. म्हणजे नवं पाणी पोचायच्या कितीतरी आधी नव्या पाण्याची बातमी पोचते! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा विश्वास बसेना, मग कालव्यावर काठी रोवून बघितलं, आणि खरंच, काठीवर पाणी चढलं तेव्हा वरून टाकलेला भुसा अजून कुठल्याकुठे मागे होता.

पण ती बातमी जाता जाता पातळ होते, कारण वाटेतला कालव्याचा एकेक पल्ला आधी स्वतः भरतो आणि मग उरलेलं पुढे सोडतो. आणि कालवा कोरडा असला तर लाटेला पळायला पाणीच नसतं. तेव्हा पाण्याचं तोंड माणसाच्या चालीनं चालतं, आणि तहानलेली जमीन वाटेत घोट घेत राहते. आता यावर पाटकरी कसा फसतो बघा. शेवटाकडून निरोप येतो, पाणी कमी आहे. हा वर एक चक्कर गेट उघडतो. दोन तास झाले, तिकडे काहीच फरक नाही, पुन्हा निरोप, हा आणखी दोन चक्कर देतो. मग संध्याकाळी ती तिन्ही चक्करं एकदम शेवटाला पोचतात, चारी फुटते, बोंब होते, हा गेट पुरतं बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा शेतकरी कोरडा. यात पाटकऱ्याचा दोष म्हणाल तर तो इतकाच, की त्याने आताच्या निरोपावर आताच उत्तर दिलं, आणि कालव्यावर आताचा निरोप खरं तर दुपारचा असतो. मध्ये पाच-सहा गेटं असली आणि प्रत्येकावर असाच एकेक तत्पर माणूस असला, तर पाणी वरखाली हेलकावे खात राहतं आणि कोणालाच धड मिळत नाही. म्हणून तर सात नंबरचा फॉर्म भरून मागणी आधी नोंदवायची आणि पाळी शेवटाकडून वर आणायची, असा रिवाज पाटबंधारे खात्यानं घातला.

इंजिनिअर लोकांनी या हेलकाव्यांवर निरनिराळे उपाय काढले. एक अगदी साधा, फडाच्या सांडमाचाच भाऊ. बुडालेल्या भोकातून पाणी दुप्पट काढायचं तर वरची पातळी चौपट चढावी लागते, म्हणजे भोक पातळीच्या चढउताराकडे फारसं लक्ष देत नाही. उलट काठावरून सांडणारं पाणी पातळीला फार हळवं असतं, जरा चढलं की भसाभस वाहतं. तर मग शेताकडे जाणारं पाणी भोकातून द्या, आणि कालव्यात आडवी भिंत घाला सांडणारी, आणि तीही सरळ नको, नागमोडी किंवा चोचीच्या आकाराची, म्हणजे तेवढ्याच रुंदीत काठ चांगला लांबलचक होतो. जास्तीचं पाणी लांब काठावर पातळ पसरून निघून जातं, पातळी बोट-दोन बोटंच हलते, आणि भोकातून शेताला जाणारी धार जवळपास तशीच राहते. चोचीच्या आकाराच्या भिंतीला डकबिल म्हणतात.

दुसरा उपाय फ्रान्समधल्या ग्रनोबल गावच्या नेरपिक कंपनीचा, गेल्या शतकातला. त्यांनी कमानीसारखं वळलेलं दार केलं, त्याच्याच अंगाला पोकळ पिंप जोडलं, आणि मागे तोलाला वजन. वरच्या बाजूचं पाणी चढलं की पिंप तरंगतं, दार उघडतं. उतरलं की मिटतं. कूलरचा फुगाच, फक्त हत्तीएवढ्या कामाला लावलेला. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया, तिकडच्या कालव्यांवर असली दारं ओळीनं बसली, ना वीज, ना माणूस.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, पिंप दाराच्या वरच्या बाजूला न ठेवता खालच्या बाजूला ठेवलं तर? आणि तिथे सगळा कालवाच उलटा झाला. शेवटच्या शेतकऱ्यानं आपलं भोक बंद केलं की तिथलं पाणी तुंबतं, पातळी चढते, वरच्या दाराचं पिंप उचललं जातं आणि ते दार थोडं मिटतं. मग त्याच्या वरच्या पल्ल्यात पाणी चढतं, त्याच्या वरचं दार मिटतं, असं करत करत थेट धरणापाशी. शेवटच्या माणसाची मागणी धारेच्या उलट्या दिशेनं चढत जाते आणि धरणाच्या दाराला सांगते, पुरे! मला या सगळ्या गोष्टीत याच्याइतकं देखणं दुसरं काही वाटत नाही, कारण आपल्याकडे कालव्याच्या शेवटी शेत असणं म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या मर्जीवर जगणं. पण याची किंमत आहे. सगळ्यांनी एकदम पाणी बंद केलं की पल्ल्यातलं पाणी आरशासारखं सपाट उभं राहतं, म्हणून काठही सपाट, खालच्या टोकाला चांगले उंच बांधावे लागतात, आणि उताराच्या मुलखात तो खर्च झेपत नाही.

मराठवाड्यात सिंदफणा नदीवर माजलगावचं धरण आहे, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. त्याच्या कालव्यावर गेल्या शतकाच्या शेवटी-शेवटी याच्या पुढचा प्रयोग झाला. ठिकठिकाणी पातळी मोजणारी यंत्रं, त्यांचे आकडे एका खोलीत, तिथल्या कॉम्प्युटरनं निरोपाला लागणारा वेळ हिशेबात धरून सांगायचं, अमुक गेट आत्ता इतकं हलवा, म्हणजे पाणी तिथे उद्या वेळेवर पोचेल. पाटकरी जिथे फसतो नेमकी तीच गोष्ट, पुढचं ओळखून चालणं. माझं मत विचाराल तर ही विद्या आपल्याकडे वाढायला हवी, पण वीज, तारा आणि दुरुस्तीचा माणूस या तिन्हींची सोय आधी लागली तरच.

आणि निरोपाचा खेळ तर आपल्या दारातच चालतो. नंदुरबारहून शहाद्याच्या वाटेला लागलं की तापीवर प्रकाशाचं बॅरेज, त्याच्या वर सारंगखेडा, त्याच्या वर सुलवाडे, आणि दूर भुसावळकडे एकेचाळीस दारांचं हतनूर. बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात झोडपून पाऊस झाला की हतनूरची दारं उघडतात, आणि पाणी पोचायच्या आधी फोन पोचतात, काठच्या गावांना सावध केलं जातं, आणि खालची बॅरेजं एकामागून एक वाट मोकळी करत जातात.

तुमच्यातला एकजण मघापासून विचारतोय, फुग्यात गाळ गेला तर? शाबास, खरं विचारलंस. तरंगत्या दाराचं पिंप ज्या विहिरीत असतं, ती कालव्याला बारीक भोकानं जोडलेली असते, मुद्दाम बारीक, म्हणजे वाऱ्यानं उठलेल्या लाटांनी दार उगाच थरथरत नाही. तेच भोक पानानं नि गाळानं आधी बुजतं, आणि मग पिंपाला बाहेरची पातळी कळेनाशी होते; बाहेर पूर आणि आत जुनंच पाणी. म्हणून पाळी सुटायच्या आधी चांगला पाटकरी गेटाला ग्रीस लावण्यापूर्वी तिथे वाकून बसतो, लोखंडी सळई त्या भोकातून आरपार घालतो, आणि आतलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर चढतंय की नाही हे विहिरीतल्या पट्टीवर बघूनच उठतो.